सोमवार, बुधवार, शुक्रवार : चार ते पाच

१

नगरपालिकेच्या तपासनीस बाईंनी तो कागद माझ्या टेबलावर पसरला, तेव्हा मी नव्या मासिकांवर शिक्के मारत होतो. कागदावर पाच रेषा होत्या. चार रेषा चालता चालता एकदम खड्ड्यात पडत होत्या आणि पाचवी ताठ मानेने पुढे जात होती.

"तुमच्या खिडकीतल्या डब्याने मोजलंय हे," बाई म्हणाल्या. "पाच आठवडे."

डबा माझ्या वाचनालयाच्या खिडकीत, कुंडीशेजारी, सील लावून ठेवलेला होता. दर पंधरा मिनिटांनी इंटरनेटवरच्या पाच ठिकाणी जाऊन यायचं आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. मी कुंडीला पाणी घालताना त्याच्यावर चार थेंब उडू नयेत एवढी काळजी घेत होतो. तो आमच्याच घराचा गळा आवळेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या घराचा म्हणजे ताईचा. ताई गावातली इंटरनेटची सहकारी संस्था चालवते. वरच्या वस्तीत एकशे चाळीस घरं आहेत आणि तिथे तार पोचलेली नाही. ती न्यायला नगरपालिका सार्वजनिक निधी देणार होती. अट एकच. लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या तारेवर सगळ्यांची रहदारी सारखी चालली पाहिजे, कोणाला पुढे काढायचं नाही आणि कोणाला मागे ढकलायचं नाही. सरकारी कागदात याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. आमच्या घरात याला रांग म्हणतात, कारण संस्था काढली तेव्हा बाबांनी ऑफिसच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने रंगवलं होतं : 'इथे सगळे रांगेत.'

"सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते पाच," बाईंनी पेन्सिलीने खड्डे दाखवले. "त्या तासात सगळं ठप्प. चालतं ते फक्त एक, सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीचं. खालच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाईंची तक्रार आहे. परगावच्या गिऱ्हाइकाला कपडा दाखवताना दर वेळी चित्र गोठतं. दोन गिऱ्हाइकं तुटली त्यांची."

"माझी ताई असलं काही करणार नाही."

"भाऊ म्हणून बोलताय की ग्रंथपाल म्हणून?" बाई हसल्या नाहीत. "उद्या बारा वाजता सुनावणी. समाधानकारक खुलासा नसेल तर निधी रद्द. संस्थेला पुन्हा अर्जही करता येणार नाही."

मी वाचनालयाला कुलूप ठोकून ऑफिसकडे धावलो. ताईचा तंत्रज्ञ आधीच राउटरसमोर बसला होता. हा सदानकदा शिडी खांद्यावर घेऊन फिरतो, म्हणून गाव त्याला शिडीच म्हणतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"सापडला," तो म्हणाला. "नियम सापडला. तीन दिवस, चार ते पाच, इंटरनेटवरच्या एका पत्त्याला पहिला मान, बाकी सगळे मागे. पाच आठवड्यांपूर्वीचा सोमवार, सकाळी अकरा वीस."

"कोणी घातला?"

शिडीने ताईकडे न बघता सांगितलं, "पहिल्या किल्लीने. ताईंच्या."

२

आमच्या घरात काही हरवलं की आत्याला बोलावतात. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसली. मंत्र्याचा फोन असो नाहीतर धोब्याचा, दिवा आधी कोणाचा लागला एवढंच बघायचं आणि जोडून द्यायचं. माणूस खोटं बोलण्याआधी श्वास कसा घेतो हे तिला पाठ आहे. मला ती पुस्तक्या म्हणते आणि मी चाळिशीचा झालो तरी तिला त्यात काही बदल करावासा वाटलेला नाही.

दुपारी दोनला ती आली, पर्स मांडीवर घेऊन ताईसमोर बसली.

"तू केलंस?"

"नाही."

आत्याने ताईच्या कानांकडे पाहिलं. ताई खोटं बोलली की तिचे कान लाल होतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कान जसेच्या तसे होते.

"बरं. किल्ली म्हणजे काय प्रकार?"

"पासवर्ड गं. शिडीकडे दुसरी किल्ली, माझ्याकडे पहिली. बाबांनी संस्था माझ्या हाती दिली तेव्हा पहिली मला मिळाली."

"मग बदललास पासवर्ड?"

"कशाला बदलू? चांगला लांबलचक होता."

"त्या सोमवारी अकरा वीसला तू कुठे होतीस?"

"वरच्या वस्तीत, खांब मोजायला. शिडी बरोबर होता, पण मधेच परत आला. आणि ऑफिसात तो टायवाला येऊन बसला होता."

टायवाला म्हणजे सिनेमा कंपनीचा प्रतिनिधी. भर उन्हाळ्यातही गळ्यात टाय. त्याने ताईला सांगून पाहिलं होतं, आमचे सिनेमे तुमच्या गावात अडखळू देऊ नका, आम्ही तुमची काळजी घेऊ. ताईने त्याला भिंतीवरची अक्षरं दाखवून दाराबाहेर काढलं होतं.

"तो एकटाच होता ऑफिसात?"

"कोणीच नव्हतं. बाबा होते फक्त."

आत्याने मान हलवली. हे बोलणं चालू होतं तेव्हाही बाबा मागच्या खोलीत, राउटरच्या कपाटाशेजारी, त्यांच्या जुन्या वेताच्या खुर्चीत बसले होते. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, त्यात उजवा हात आणि जीभ गेली. समज शाबूत आहे, डॉक्टर सांगतात, फक्त शब्द तोंडातून निघत नाहीत. डाव्या हाताने ते अक्षरं गिरवत असतात. मिळेल त्या कागदावर : विजेच्या बिलावर, वर्तमानपत्राच्या कडेला, ऑफिसच्या वह्यांवर, एकदा तर माझ्या सदऱ्याच्या बाहीवरसुद्धा. ती अक्षरं कोणालाच लागत नाहीत. दिवसा ते खाली ऑफिसात मशिनांच्या उबेत बसतात आणि पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या धड्यासाठी वर घरात जातात. ती बाई दूरच्या शहरातून संगणकावर शिकवते; वार-वेळ तिची आणि बाबांची, आम्ही कधी लक्ष दिलं नाही. सुरुवातीला ते रागाने कप फेकायचे, आम्ही खालून आवाज मोजायचो. हल्ली फेकत नाहीत. निवळले, असं ताई म्हणायची.

"आणि ही वही?" आत्याने टेबलावरच्या जाड रजिस्टरवर बोट ठेवलं.

"बदलवही. राउटरमध्ये काहीही बदललं की तारीख, वेळ, काय बदललं, ते इथे हाताने लिहायचं. बाबांचा नियम. वहीत नाही म्हणजे बदल झालाच नाही, असं आमचं चालतं. म्हणून तर शिडीने कधी नियमांची यादी उघडली नाही."

"त्या सोमवारची नोंद?"

"कोणाचीच नाही," ताई म्हणाली. "आत्या, त्या एकशे चाळीस घरांना मी शब्द दिलाय. दारोदार जाऊन दिलाय. उद्या मी त्यांना काय तोंड दाखवू?"

आत्याने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग उठून पर्स काखेत मारली. "पुस्तक्या, चल. आधी शिडी."

३

शिडी सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी, ऑफिसच्या जिन्याखाली, केबलचं वेटोळं गुंडाळत होता.

"त्या सोमवारी तू मधेच का परत आलास रे?" आत्याने विचारलं.

"लांब टेप न्यायला."

"आणि?"

शिडीने वेटोळं खाली ठेवलं. आत्या नुसती उभी राहिली. एक्स्चेंजमध्ये शिकलेली युक्ती आहे ती, समोरच्याला शांतता सहन होत नाही.

"आणि टायवाल्याला भेटायला," तो अखेर म्हणाला. "त्याने मला नोकरी देऊ केली होती. शहरात. दुप्पट पगार. मी जिन्यातच त्याला सांगितलं, नको. वर गेलोच नाही, टेप दुकानात ठेवलेली होती."

"का नको म्हणालास?"

"माझं घर वरच्या वस्तीत आहे, आत्या. माझी पोरगी अभ्यासाला रोज डोंगर उतरून वाचनालयात येते. विचारा यांना."

खरं होतं. कोपऱ्यातलं टेबल तिचंच. पण मला शिडीचा राग आला होता. नोकरीचं आधी का सांगितलं नाही? मी तसं म्हणालो, तर आत्याने मला कोपराने ढोसलं.

टायवाला मुख्य रस्त्यावरच्या त्याच्या काचेच्या ऑफिसात भेटला. आत्याला पाहून त्याने टायची गाठ सारखी केली.

"मी त्या राउटरला हात लावलेला नाही. मला तो लावता येतही नाही. मी सिनेमे विकतो."

"पण फायदा तुमचाच झाला."

"मला तरी ते आज कळलं. त्या तासात आमचे प्रेक्षक वाढलेत हे खरं. मी म्हटलं, माझ्या जाहिरातीने वाढले." तो थोडा ओशाळला. "साहेबांना तसं कळवूनही टाकलं."

"अकरा वीसला तुम्ही कुठे होतात?"

"बाहेरच्या खोलीत, बाकावर. शिडीवाल्याने जिन्यात कटवलं, म्हणून म्हटलं मॅडमना तरी भेटावं. पंधरा मिनिटं बसलो आणि निघालो. आतल्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. आत काम चालू होतं."

"कशावरून?"

"टकटक ऐकू येत होती. सावकाश. एक अक्षर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. मला वाटलं, कोणी नवीन माणूस ठेवलाय."

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "शिडीच असणार. तो खोटं बोलतोय, वर गेला असणार."

"शिडी डोळे मिटून टाइप करतो," आत्या म्हणाली आणि चालू लागली. तिची चाल मंद झाली होती. मला वाटलं, थकली.

४

वाचनालयात येऊन तिने तपासनीस बाईंचा कागद मागितला. चष्मा कपाळावर चढवून रेषांवरून बोट फिरवत गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका जागी बोट थांबलं.

"हा बुधवार बघ. खड्डा नाही."

खरंच नव्हता. दोन आठवड्यांपूर्वीचा बुधवार, चार ते पाच, पाचही रेषा सरळ.

"त्या दिवशी नियम कोणीतरी बंद केला," आत्या म्हणाली. "चोर कधी सुट्टी देतो का रे? सिनेमावाल्याला सुट्टी कशाला हवी? लोक बुधवारी सिनेमा बघत नाहीत का? ज्याने केलं त्याला तो तास त्या दिवशी नको होता. आणि नको असताना रस्ता अडवून ठेवणं त्याला बरं वाटलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस चांगला आहे. पुस्तक्या, त्या बुधवारी चारला काय वेगळं झालं? आठव."

मी आठवलं. त्या दिवशी पंख्याचं पातं तुटलं, एका वाचकाशी वेळेवर परत न केलेल्या पुस्तकांवरून माझी हुज्जत झाली, आणि बाबा आले होते. काठी टेकत, एकटेच, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सचित्र मासिक चाळलं. मला बरं वाटलं होतं.

मी हे सांगितलं तेव्हा आत्या खिडकीबाहेर बघत होती.

"बदलवही घेऊन ये," ती म्हणाली. "ताईला काही बोलू नकोस."

मी वही आणली. तिने ती पाच आठवडे मागे नेली, मग पुढे. मधे कुठे कुठे बाबांच्या गिरवण्याच्या खरडी होत्या, वाकड्या, ओळ सोडून गेलेल्या. ती त्यांच्यावरून पानं उलटेल असं मला वाटलं. ती त्यांच्यावरच थांबली. एका खरडीवर पाच मिनिटं आणि दुसऱ्या खरडीवर दोन.

मग तिने माझा फोन घेतला, एक नंबर लावला, दोन प्रश्न हळू आवाजात विचारले, उत्तरं ऐकली आणि फोन ठेवला. तिचे डोळे भरले होते. मी माझ्या आत्याला रडताना त्याआधी एकदाच पाहिलं आहे.

"कळलं कोण?" मी विचारलं.

"उद्या बारा वाजता सांगेन. सगळ्यांसमोर. दुसरा मार्ग नाही." वही बंद करताना ती म्हणाली, "दादाला आणायचं सुनावणीला. स्वच्छ कपडे घालून."

५

नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. वरच्या वस्तीतले लोक भिंतीला टेकून उभे होते. पुढच्या रांगेत शिवणवाल्या बाई मोजपट्टी गळ्यातच ठेवून आल्या होत्या. टायवाला कोपऱ्यात बसला होता. बाबा माझ्या शेजारी, काठी दोन पायांमध्ये धरून.

आत्या उभी राहिली. माइक नको म्हणाली.

"मी यातली तज्ज्ञ नाही. पण रांग मला कळते," तिने सुरुवात केली. "संशय तिघांवर. ताई त्या सकाळी वरच्या वस्तीत खांब मोजत होती. प्रतिनिधींना राउटर कळत नाही, आणि त्यांनी केलं असतं तर मधला बुधवार सोडला नसता. शिडीचं स्वतःचं घर निधीवर अवलंबून आहे, आणि तो झरझर टाइप करतो. त्या सकाळी मात्र कोणीतरी एकेक अक्षर दाबत होतं. एका हाताने."

ताईने मान वर केली.

"नियमाचा तास आठवड्यातून तीनदा. ज्या बुधवारी तो बंद होता, त्या दिवशी दूरच्या शहरातल्या एका शिक्षिकेने रजा घेतली होती. काल मी तिला विचारलं. तिचे धडे कधी असतात? सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते पाच."

"आत्या, पुरे," ताई म्हणाली. ती उभी राहिली होती. "मी केलं. किल्ली माझी आहे. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

तिचे कान लालबुंद झाले होते. मागे बसलेल्या मलाही ते दिसले.

"बस खाली," आत्या मायेने म्हणाली. "मॅडम, धडा सारखा मधेच गोठायचा, म्हणून त्या माणसाने फक्त धड्याला वाट करून दिली. धडा चिमूटभर जागा घेतो, कोणाचं काय जाणार, असं त्याला वाटलं. तो टेलिफोनच्या काळातला. त्याच्या काळी एक नंबर म्हणजे एक घर. आता एका पत्त्यावर हजार भाडेकरू असतात. धड्याचं दुकान ज्या पत्त्यावर आहे, त्याच पत्त्यावर सिनेमावालेही भाड्याने राहतात. शिडीने आज सकाळी तपासून सांगितलं. धड्यासाठी दार उघडलं आणि त्यातून गावभरचा सिनेमा आत घुसला. सगळा रस्ता त्यानेच खाल्ला, बाकीचे उपाशी."

"पुरावा?" तपासनीस बाईंनी विचारलं.

आत्याने बदलवही त्यांच्यापुढे उघडली. "ज्याने आयुष्यभर प्रत्येक बदल वहीत लिहिला, त्याला रांग मोडतानाही नोंद केल्याशिवाय राहवलं नाही. आम्ही सगळे याला गिरवणं समजत होतो. मी त्याची बहीण, लहानपणी त्याचं अक्षर मीच वाचायची. बघा. तारीख. अकरा वीस. 'एका पत्त्याला आधी जाऊ दिलं.' आणि ही दुसरी. बुधवार. 'आज गरज नाही. काढलं.' खाली सही. दोन्ही वेळा."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. त्या खुर्चीत एक अख्खा माणूस बसलेला असायचा, आणि खोलीत कोण होतं विचारलं की आम्ही म्हणायचो, कोणी नाही.

काठी जमिनीवर आपटली. बाबा उठत होते. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

तोंड उघडलं. काही निघालं नाही. पुन्हा उघडलं. गळ्याची शीर ताणली. ज्या धड्यांसाठी हे सगळं झालं, ते सगळे धडे त्यांनी एकवटले.

"मी," ते म्हणाले. "मी... रांग... मोडली."

आठ महिन्यांत त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं ते. मग ते शिवणवाल्या बाईंकडे वळले. डावा हात छातीवर ठेवला. "चुकलं."

बाईंनी मोजपट्टी मुठीत आवळली. "काका, माझी दोन गिऱ्हाइकं गेली," त्या म्हणाल्या. "काही झालंच नाही असं मी म्हणणार नाही." मग म्हणाल्या, "पण तुमचं वाक्य छान झालं."

६

निधी मंजूर झाला. लगेच नाही. तपासनीस बाईंनी सगळं लिहून घेतलं, शिडीला त्यांच्यासमोर नियम पुसायला लावला, ताईला पासवर्ड बदलायला लावला आणि डब्याचा मुक्काम माझ्या खिडकीत एक वर्षाने वाढवला. वर एक नवी अट घातली : बदलवही यापुढे वाचनालयात ठेवायची, गावातल्या कोणालाही वाचता येईल अशी.

"अकरा वर्षं हे काम करतेय," सह्या करताना त्या म्हणाल्या. "मोठमोठे पुरवठादार रोज रांग मोडतात आणि हात वर करतात. स्वतःचा गुन्हा स्वतःच्या वहीत लिहिणारी संस्था पहिल्यांदा पाहिली. अशांनाच लोकांचे पैसे द्यावेत."

वरच्या वस्तीत ताई स्वतः जाऊन सांगून आली. पहिला खांब शिडीच्या दारात उभा राहणार आहे, आणि त्यात वशिला नाही, रस्ताच तिथून सुरू होतो.

सुनावणीच्या दिवशी शुक्रवार होता. चारला बाबांचा धडा होता. ताई म्हणाली, आज राहू दे. बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि वाचनालयाच्या दिशेने बोट दाखवलं. धडा बंद दाराआड नको, तिथे, सगळ्यांसमोर. वहीही तिथेच आली होती.

मी संगणक लावून दिला. शेजारच्या टेबलावर शिडीची मुलगी गणितं सोडवत होती. शिक्षिका पडद्यावर आली, एक शब्द म्हणाली, बाबांनी तो परत म्हटला. दुसरा म्हटला. तिसऱ्याला चित्र गोठलं. शिक्षिकेचं तोंड अर्धं उघडं राहिलं.

आत्याने चटकन टेबलावरचा कप उचलून लांब ठेवला. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही ओढून घेतली, डाव्या हातात पेन धरलं आणि लिहू लागले. मी वाकून पाहिलं. आता मला ते अक्षर लागायला लागलं होतं.

'चार बारा. अडकलं. थांबलो.'

खालच्या गल्लीत त्या वेळी शिवणवाल्या बाई एका नव्या गिऱ्हाइकाला निळ्या कपड्याची शिवण दाखवत होत्या, आणि चित्र हलत होतं. हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पडद्यावर शिक्षिकेचं तोंड मिटलं, उघडलं, आवाज आला. बाबांनी आणखी एक ओळ लिहिली, 'चार चौदा. सुरू,' खाली सही केली आणि तिसरा शब्द म्हटला.